दिसतं ते जुनं चालेल, दडतं ते नवंच हवं

आमच्या घराची दुरुस्ती करायची वेळ आली तेव्हा माझ्यापाशी दोन लाख रुपये होते आणि आठ आठवडे. दोन्ही कमीच. ही गोष्ट २०२२ सालची. आई बाथरूममध्ये घसरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली आणि ती भावाकडे विश्रांतीला गेली. तिला परत घरी आणायचं म्हटल्यावर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘यापुढे वॉकर लागणार. पुन्हा पडल्या तर कठीण आहे. घर तसं करून घ्या.’

आमचं घर म्हणजे पुण्यातल्या एका चाळीस वर्षांच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बाथरूमचं दार जेमतेम दोन फुटांचं, म्हणजे वॉकर आडवा केल्याशिवाय आत जाणार नाही. दाराशी चार इंचांचा उंबरा, आत गुळगुळीत फरशी आणि वायरिंग इमारतीच्याच वयाचं. एका कंत्राटदारानं सगळं बघून अंदाजपत्रक दिलं : चार लाख साठ हजार. मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि त्या रविवारी जुन्या बाजाराचा रस्ता धरला.

‘जुनं ते सोनं’ असं आपण म्हणतो खरं, पण सगळंच जुनं सोनं नसतं. काही नुसता गंज असतो. कुठलं सोनं आणि कुठला गंज, हे त्या आठ आठवड्यांत थोडं कळलं आणि बाकीचं नंतरच्या एका महागात पडलेल्या चुकीतून कळलं. त्यातून जो नियम हाती लागला तो आधीच सांगून टाकते. घरात जे डोळ्यांना दिसणार आहे, हाताला लागणार आहे, ते जुनं घ्यायला हरकत नाही. जे भिंतीत, फरशीखाली किंवा प्लास्टरआड दडणार आहे, ते नवंच घ्यावं. कारण साधं आहे. दिसणारी वस्तू विकत घेताना तपासता येते आणि बिघडली तर तासाभरात बदलता येते. दडलेल्या वस्तूचा दोष नुकसान झाल्यावरच समजतो आणि तो काढायला भिंत फोडावी लागते.

जुनं लाकूड चांगलं का असतं?

सुरुवात लाकडापासून करू, कारण खरी बचत तिथे होते. मुंबईच्या जुन्या इमारतींत आणि पुण्याच्या इंग्रजी अमदानीतल्या कितीतरी घरांत ब्रह्मदेशचं सागवान वापरलेलं आहे. १८५२ च्या युद्धानंतर दक्षिण ब्रह्मदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६३ मध्ये मुंबईत बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी निघाली. पुढे याच कंपनीच्या ओंडक्यांवरून तिचा ब्रह्मी दरबाराशी तंटा झाला, दरबारानं दंड ठोठावला आणि १८८५ च्या युद्धाला ते निमित्त मिळालं. हरलेल्या थिबा राजाला इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१६ मध्ये तो तिथेच वारला. आपण सहलीला जाऊन रत्नागिरीचा थिबा राजवाडा बघतो, त्यामागे दाराखिडक्यांच्या लाकडाचं भांडणही होतं, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही.

हे लाकूड टिकलं त्याला कारणं आहेत. ब्रह्मदेशात झाड पाडण्याआधी बुंध्याभोवती साल आणि वरचं पांढरं लाकूड गोल कापून काढत. झाड उभ्या उभ्या मरे आणि दोन-तीन वर्षं तसंच वाळत राही. ओंडके नदीतून वाहून आणायचे असत आणि ओलं सागवान पाण्यात बुडतं, वाळलेलं तरंगतं, म्हणून हा खटाटोप. त्यामुळे लाकूड घरात येण्याआधीच चांगलं वाळलेलं असे. शिवाय ती जंगलातली मोठी, वयस्क झाडं होती. सागाच्या तपकिरी गाभ्यात तेलकट द्रव्यं असतात. त्यांतलं टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य वाळवीला नकोसं असतं. बाहेरच्या पांढऱ्या लाकडात हा गुण नसतो. आजच्या लागवडीतलं झाड लवकर तोडलं जातं, त्यात गाभा कमी आणि पांढरं लाकूड जास्त. तेव्हा ‘सागवान’ एवढा शब्द ऐकून दोन्हींना एकाच मापानं मोजू नये.

एखादा वाडा किंवा चाळ पाडली जाते तेव्हा हे लाकूड बाहेर येतं. इमारती पाडणारे कंत्राटदार तुळया, खांब, दारं, चौकटी वेगळ्या काढून ठेवतात. तुळया घनफुटावर विकल्या जातात, दारं-खिडक्या नगावर. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार वर्षानुवर्षं बुधवारी आणि रविवारी भरत आला आहे. मुंबईकरांना मटन स्ट्रीटचा चोर बाजार आणि जोगेश्वरी-ओशिवऱ्याची फर्निचरची दुकानं ठाऊक असतात. बाकी गावोगाव रस्त्याकडेला ‘जुनी दारे, खिडक्या मिळतील’ अशी पाटी दिसतेच. तिथे उतरायला लाजू नका.

बाजारात जाताना

माझ्याबरोबर आमचे सुतारकाका होते. त्यांनी मला पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवली. ‘ताई, नव्या मालात आधी नकाशा, मग खरेदी. जुन्या मालात आधी खरेदी, मग नकाशा.’ मला बाथरूमची भिंत फोडून मगच दार शोधायचं होतं. काकांनी थांबवलं. जुनं दार आपल्या मापाचं मिळत नाही, आपल्याला दाराच्या मापाचं व्हावं लागतं. आधी चौकटीसकट दार घरात आणा, मग त्याच्या मापानं भिंत उघडा.

मात्र भिंत उघडण्याआधी ती कसली आहे ते बघणं आवश्यक. आमची इमारत आर.सी.सी.ची, म्हणजे वजन खांब आणि तुळयांवर. बाथरूमची भिंत नुसती आडोशाची. विटांच्या जाड भिंतींवर उभ्या असलेल्या जुन्या घरात तीच भिंत वरच्या मजल्याचा भार पेलत असते. तिथे जाणकार इंजिनिअरला दाखवल्याशिवाय छिन्नी लावू नये. सोसायटीलाही आधी लेखी कळवून परवानगी घ्यावी.

जुनं लाकूड घ्यायला जाताना बरोबर चार वस्तू ठेवाव्यात : मोजपट्टी, एक जाड दाभण, एक चुंबक आणि घरातल्या मापांची वही. चौकटीचे खालचे पाय आधी बघायचे, कारण ओल तिथूनच चढते. दाभण टोचून बघावं. सहज आत गेलं तर लाकूड कुजलं आहे किंवा वाळवीनं पोखरलं आहे. बोटाच्या पेरानं ठोकावं. भरीव आवाज चांगला, पोकळ आवाज संशयाचा. बारीक गोल भोकं आणि त्यांतून पिठासारखा ताजा भुसा गळत असेल तर किडा आत जिवंत आहे असं समजावं आणि ते दार कितीही नक्षीदार असलं तरी घरी आणू नये. ते एकटं येत नाही.

मग दोन्ही कर्ण मोजायचे. चौकटीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्यापर्यंत आणि त्याच्या उलट. दोन्ही मापं सारखी आली तर चौकट काटकोनात आहे. दाराच्या कडेला डोळा लावून पीळ आहे का बघायचं. रंगाचा जाड थर असेल तर मालकाला विचारून तळाशी नखभर खरवडायचं. सागवानाचा रंग आणि किंचित तेलकट वास लगेच कळतो. चुंबक फिरवला की लपलेले खिळे सापडतात. ते न काढता करवत चालवली तर पातं जातं आणि सुताराच्या डोळ्यालाही धोका असतो.

जुन्या घरांची दारं बुटकी असतात. आम्हाला मिळालेलं दार रुंदीला पावणेतीन फूट, म्हणजे वॉकरला हवं तसं, पण उंचीला साडेपाच फूटच होतं. काकांनी त्याच्यावर दुधी काचेचा एक फुटाचा पट्टा बसवला. बाथरूममध्ये उजेड आला, तो फायदा वेगळा. आणि दार उघडताना आत न येता बाहेर येईल असं बसवलं. म्हातारं माणूस आत पडलं आणि दार आत उघडणारं असलं, तर पडलेल्या माणसामुळेच ते उघडत नाही. हे मला त्या वर्षी अनुभवानं माहीत झालं होतं.

भाव करताना टेम्पो, हमाली आणि सुताराची मजुरी त्यातच धरावी. चार हजारांचं दार घरी येऊन उभं राहीपर्यंत आठ हजारांचं होतं. तरी ते स्वस्तच पडतं, पण हिशेब आधी माहीत असावा. पावती मागावी. पावती द्यायला कुणी फारच नाखूष असेल आणि माल नव्यासारखा असेल, तर तो कुठून आला असेल याचा विचार करून पुढे जावं.

फरशी आणि विटा

बाथरूमची गुळगुळीत फरशी काढायची होती. जुन्या घरांतून निघालेली बिनपॉलिशची शहाबादी फरशी मी घेतली. कर्नाटकातल्या शहाबादचा हा चुनखडीचा दगड आपल्याकडे पिढ्यानपिढ्या न्हाणीघरात आणि अंगणात घातला जातो. ओल्या पायालाही तिच्यावर पकड मिळते. चुनखडीचा दगड असल्यामुळे तिला ॲसिड मात्र लावू नये, पृष्ठभाग खाल्ला जातो. साबण आणि काथ्या पुरेसा. इंचभर जाडीची चौरस फूट शहाबादी साधारण सहा किलो भरते. म्हणून वरच्या मजल्यावर जुन्या फरशीवर नवी फरशी चढवण्याचा सोपा मार्ग धरू नये. आधीची काढावी, मगच घालावी.

ती काढली की खालचं वॉटरप्रूफिंग नव्यानं करावंच लागतं. इथे आमचा नियम बघा : वर दिसणारा दगड जुना, खाली दडलेला थर नवा. चार इंचांचा उंबरा काढला आणि पाणी बाहेर येऊ नये म्हणून फरशीला जाळीकडे नीट उतार दिला. फुटलेल्या टाइलचे तुकडे मी फेकले नाहीत. गच्चीवर चायना मोझॅक करताना हेच पांढरे तुकडे लागतात. ऊन परतवतात आणि योग्य तऱ्हेनं बसवले तर पाणीही झिरपू देत नाहीत. सोसायटीनं ते आनंदानं ठेवून घेतले.

गावाकडे घर असेल त्यांच्यासाठी विटांचं सांगते. चुन्यात बांधलेली भिंत पाडली तर हलक्या ठोक्यानं वीट अख्खी सुटते, कारण चुना विटेपेक्षा मऊ असतो. सिमेंटमध्ये बांधलेली वीट सोडवायला गेलं तर सिमेंट हटत नाही, वीटच फुटते. म्हणून जुन्या घराचं साहित्य पुन्हा वापरता येतं आणि आजच्या घराचा बहुतेक राडारोडा होतो.

केरळात स्थायिक झालेले वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी ही गोष्ट आयुष्यभर करून दाखवली. १९१७ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेला हा माणूस २००७ मध्ये तिरुवनंतपुरममध्ये वारला. गांधीजींनी त्यांना सुचवलं होतं की घराचं साहित्य पाच मैलांच्या परिसरातलंच असावं. बेकर पाडलेल्या घरांची दारं, लाकूड, फुटक्या टाइल्स, बाटल्यासुद्धा नव्या घरांत वापरत. विटा उभ्या रचून मधे पोकळी ठेवणारी भिंतीची पद्धत त्यांनी रुळवली. तिच्यात विटा सुमारे पाव हिश्शानं कमी लागतात आणि पोकळीमुळे आत उकाडाही कमी होतो. त्यांचं काम स्वस्त होतं, पण त्यात कुठे गबाळेपणा नव्हता. स्वस्त आणि गबाळं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एकाचं दुसरं करताना

जुन्या वस्तूला नवं काम देताना मी एकच प्रश्न विचारत असे : हे आईच्या उपयोगाचं आहे का? शिलाई मशीनचा बिडाचा पाय मिळाला. त्याच्यावर जुन्या फळीचं टेबल केलं. उंची खुर्चीत बसून जेवायला बरोबर आली. खालचा पायटा मात्र पक्का बांधून टाकला, नाहीतर वॉकरचा पाय त्यात अडकला असता. वाड्याच्या खिडकीची दोन झडपं स्वयंपाकघरातल्या फळ्यांना दारं म्हणून लावली. आईची लोखंडी खाट फार खाली होती, खालून उठताना खुब्यावर ताण येतो. तिला तुळईच्या तुकड्यांचे ठोकळे खाचा पाडून लावले आणि गुडघ्याच्या उंचीला आणली. गंजलेला लोखंडी गज तारेच्या ब्रशनं घासून रेड ऑक्साइडचा हात दिला की पुढची कित्येक वर्षं बघावं लागत नाही. पडदे तिच्याच जुन्या सुती नऊवारींचे केले.

बाथरूममधला आधाराचा दांडा मात्र नवा घेतला. तुम्ही म्हणाल, तो तर दिसतो. दांडा दिसतो, पण त्याला धरून ठेवणारे बोल्ट भिंतीत असतात, आणि घसरताना माणसाचं सगळं वजन त्या बोल्टवर येतं. तिथे काटकसर नको.

हौसेचीही एक मर्यादा असते. ओळखीच्या एका घरी बैलगाडीच्या चाकाचं टेबल आहे. दिसायला देखणं, पण त्यावर चहाचा कप सरळ उभा राहत नाही. सगळे कप मांडीवर धरून बसतात. अशा वस्तूंनी घर स्वस्त होत नाही, फक्त अडचण होते.

माझी चूक

आता चुकीकडे येते. नळाचं काम करणाऱ्यानं सुचवलं होतं, ‘ताई, भिंतीतला जी.आय. पाइप काढून सगळी लाइन नवी टाकू. आठ हजार जास्त लागतील.’ पैसे संपत आले होते. बाहेरून पाइप ठीक दिसत होता. शिवाय जुन्या बाजारात मला भिंतीत बसवायचा एक जाडजूड पितळी कॉक मिळाला होता, आणि पितळ काय बिघडणार, असं मी धरून चालले. पाइप तसाच ठेवला, कॉक भिंतीत बसवला, वर टाइल लावली. जी.आय. पाइप आतून गंजतो, बाहेरून कळत नाही, हे मी ऐकलं होतं. ऐकलं होतं, पण मानलं नव्हतं.

वायरमन मात्र माझ्याहून हट्टी निघाला. त्यानं वायर, बोर्ड, अर्थिंग सगळं नवं करायला लावलं आणि मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. विजेचा थोडासा प्रवाह जरी भलत्या वाटेनं जमिनीकडे जायला लागला, माणसाच्या अंगातून म्हणा किंवा ओल्या भिंतीतून, तर हा डबा क्षणात वीज तोडतो. साध्या फ्यूजला किंवा एमसीबीला एवढा थोडा प्रवाह जाणवत नाही. ते तारेला वाचवतात, आरसीसीबी माणसाला वाचवतो.

आई घरी आली. बाराव्या दिवशी सकाळी घरातली वीज गेली. खटका वर केला, पुन्हा पडला. दिवसभर तेच. इमारतीतल्या एका गृहस्थांनी सल्ला दिला, ‘तो डबाच खराब आहे. काढून टाका आणि थेट जोडा, आमच्याकडे तसंच आहे.’ उकाड्यानं आई बेजार झाली होती आणि मी जवळजवळ ऐकणारच होते. वायरमनला फोन केला तर तो म्हणाला, ‘ताई, हात लावू नका. तो पडतोय म्हणजे त्याचं काम करतोय. मी येतो.’

त्यानं येऊन एकेक लाइन वेगळी करून बघितली. दोष गीझरच्या पॉइंटमध्ये होता. टाइलच्या आत माझा पितळी कॉक आणि त्याच्यामागचा पाइप झिरपत होता. ते पाणी भिंतीतून गीझरच्या स्विचबॉक्समध्ये उतरलं होतं. त्याच भिंतीवर, वीतभर अंतरावर आईचा आधाराचा दांडा होता. ओल्या अंगानं, ओल्या फरशीवर उभी राहून रोज सकाळी ती जो स्टीलचा दांडा धरत होती, तो.

संध्याकाळी खालच्या काकू वर आल्या. त्यांच्या छताचे पोपडे निघायला लागले होते. त्या रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, ‘आईंना काही झालं नाही ना? मग छताचं बघू.’ भिंत फोडणं, नवी लाइन, पुन्हा टाइल आणि काकूंचं छत मिळून सव्वीस हजार गेले. आठ हजार वाचवायला गेले होते. पण मला त्या सव्वीस हजारांची चुटपुट लागत नाही. जुना फ्यूजबोर्ड तसाच ठेवून त्याही बाजूला काटकसर केली असती तर काय झालं असतं, याची लागते.

काय जुनं घेऊ नये

म्हणून ही यादी नीट लक्षात ठेवा. वायर, स्विच, एमसीबी आणि भिंतीतले पाइप-कॉक जुने घेऊ नयेत. आयएसआय खूण बघून नवे घ्यावेत. स्वयंपाकाच्या गॅसची रबरी नळी कधीच जुनी वापरू नये. सुरक्षा नळीवर मुदत छापलेली असते आणि ती पाच वर्षांनी बदलायची असते. गाद्या आणि गादीचे सोफे घेऊ नयेत, ढेकूण फुकट येतात. जुना पंखा किंवा फ्रिज स्वस्त मिळतो, पण वीज खातो. साधा जुना पंखा पंचाहत्तर वॉटच्या आसपास घेतो, तर नवा बीएलडीसी पंखा तिसापस्तिसात भागवतो. चोवीस तास चालणाऱ्या वस्तूची खरी किंमत दुकानात नव्हे, वीजबिलात कळते.

जुने सिमेंटचे पत्रे घेऊ नयेत. त्यांत ॲस्बेस्टॉस असतं आणि कापताना किंवा भोक पाडताना उडणारे त्याचे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात. गुजरातेत भावनगर जिल्ह्यात अलंगच्या किनाऱ्यावर १९८३ पासून जहाजं तोडली जातात. तिथून येणारी कपाटं, खुर्च्या, कपबशा चांगल्या असतात, पण जुन्या जहाजांच्या आतल्या भिंतींच्या फळ्यांतही ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्या फळ्या टाळाव्यात.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, जुना रंग. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमहून जास्त असू नये असा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या तैलरंगात शिसं असण्याची शक्यता मोठी. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असते. म्हणून जुनं रंगवलेलं दार कोरडं घासू नये, ज्योतीनं रंग जाळून तर मुळीच काढू नये. ओलं करून खरवडावं, ओलंच घासावं, नाकातोंडाला चांगला मास्क लावावा, खाली प्लास्टिक अंथरून खरवड गोळा करावी आणि हे काम मुलांपासून दूर, घराबाहेर करावं. आम्ही दार सुतारकाकांच्या शेडमध्येच सोलून घेतलं. रंगाचे कितीतरी थर निघाले तेव्हा खालचं सागवान दिसलं.

शेवटचा हिशेब

माझ्या वहीतला हिशेब असा. वायरिंग ३८ हजार. नळ, वॉटरप्रूफिंग आणि फरशी ६२ हजार. चौकटीसकट दोन जुनी दारं साडेतेरा हजार. सुताराची मजुरी ३१ हजार. रंग २७ हजार. स्वयंपाकघर १४ हजार. टेम्पो, हमाली आणि राडारोडा साडेसहा हजार. एकूण १ लाख ९२ हजार. चुकीचे २६ हजार मिळवले की २ लाख १८ हजार. दर गावागणिक वेगळे असतील, पण प्रमाण बघा. निम्म्याहून जास्त पैसे वीज आणि पाणी यांवर गेले आणि तेच पैसे आज घरात कुठे दिसत नाहीत. पाहुणे कौतुक करतात ते साडेतेरा हजारांच्या दारांचं.

जुन्या वस्तूंतून पैसे वाचवायचे ते मौजेसाठी नव्हे, तर न दिसणारं काम चांगलं करता यावं म्हणून. हा क्रम उलटा करू नका. दुरुस्तीला हात घालण्याआधी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. एका बाजूला जे दिसणार ते लिहा, दुसऱ्या बाजूला जे दडणार ते लिहा. आधी दडणाऱ्याचे पैसे बाजूला काढा. उरतील ते घेऊन जुन्या बाजारात जा आणि तिथे खुशाल घासाघीस करा.

आईला घरी आणलं त्या दिवशी ती वॉकर घेऊन सरळ त्या दारातून आत गेली, कुठे आडवा करावा लागला नाही. बाहेर आल्यावर दारावरून हात फिरवून म्हणाली, ‘कुणाच्या घरचं गं हे?’ मला ते माहीत नव्हतं. ‘आता आपल्या घरचं,’ म्हटलं. ती म्हणाली, ‘मग कडीला तेल घाल, करकरतेय.’

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)